सीओपीडीच्या पेशंटला बायपॅप लावताना

थंडी पडली की मेडिसिन वॉर्डात उशीवर कोपरं टेकून, पुढे वाकून बसलेले पेशंट दिसू लागतात. वर्षानुवर्षं विडी ओढलेले म्हातारे, आणि विडीला कधी हातही न लावता चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्या. ओठ फुंकर घातल्यासारखे, मानेचे स्नायू ताणलेले, एक वाक्य तीन तुकड्यांत. सीओपीडी, म्हणजे धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुना आजार, बळावलेला असतो. यांतल्या ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून पीएच घसरलाय (रक्त आम्लाकडे झुकलंय), त्यांना बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, वेळेवर आणि नीट लागला तर घशात नळी घालायची वेळ बहुतेकदा टळते.

हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही. १९९५ साली युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत मास्कने दाब दिल्यावर नळी घालावी लागणाऱ्यांचं प्रमाण ७४ टक्क्यांवरून २६ वर आलं, मृत्यू २९ टक्क्यांवरून ९ वर. ती आयसीयूतली गोष्ट होती. २००० साली ब्रिटनमधल्या १४ रुग्णालयांत २३६ पेशंटवर तोच उपाय साध्या वॉर्डात, तिथल्याच सिस्टरांच्या हातून करून पाहिला गेला, आणि तिथेही मृत्यू २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. म्हणजे मशीन साधं असलं तरी चालतं, वॉर्ड साधा असला तरी चालतो. चालत नाही ते एकच: मास्क बांधून निघून जाणं.

पुढचा मजकूर वॉर्डातल्या सिस्टर, ब्रदर आणि ज्युनिअर डॉक्टरांसाठी आहे. शेवटचा भाग घरी मशीन नेणाऱ्या कुटुंबांनाही उपयोगी पडेल. दाबाचे आकडे बदलणं मात्र डॉक्टरांचंच काम, घरच्यांनी त्याला हात लावू नये.

मशीन नेमकं करतं काय

आपण श्वास घेतो तेव्हा श्वासपटल खाली सरकतं, छातीत दाब कमी होतो आणि हवा आत ओढली जाते. बायपॅप याच्या उलट वागतं, ते हवा बाहेरून आत ढकलतं. श्वास घेताना जास्त दाब, तो आयपॅप. सोडताना कमी दाब, तो ईपॅप. दोन्ही सेंटिमीटर पाण्याच्या मापात मोजतात.

सीओपीडीत श्वास पूर्ण बाहेर पडतच नाही. हवा कोंडते, छाती फुगलेलीच राहते, श्वासपटल चपटं होतं. कोंडलेल्या हवेचा आत जो दाब उरतो त्याला ऑटो-पीप म्हणतात. पुढचा श्वास आत यायचा तर पेशंटला आधी हा दाब मोडून काढावा लागतो, म्हणजे दार उघडण्याआधीच अर्धी ताकद संपते. ईपॅप त्या कोंडलेल्या दाबाला बाहेरून तोलून धरतो. आयपॅप आणि ईपॅप यांच्यातलं अंतर थकलेल्या स्नायूंचं ओझं उचलतं, श्वास मोठा करतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतं.

एवढं डोक्यात पक्कं असेल तर निम्मे निर्णय सोपे होतात. कार्बन डायऑक्साइड उतरत नाहीये? अंतर वाढवा, म्हणजे आयपॅप वर न्या. दोन्ही दाब सारखेच वाढवले तर अंतर तेवढंच राहतं आणि हाती काही लागत नाही. ही चूक फार दिसते.

कोणाला लावायचं, कोणाला नाही

सालब्युटामोल आणि इप्राट्रोपियमचं नेब्युलायझेशन, स्टिरॉइड, गरज असेल तर अँटिबायोटिक आणि मोजून ऑक्सिजन, हे सगळं तासभर नीट देऊनही पीएच ७.३५ च्या खाली, कार्बन डायऑक्साइड ४५ मिलिमीटर पाऱ्याच्या वर आणि श्वास मिनिटाला २३ पेक्षा जास्त असतील, तर बायपॅप लावायचं. एबीजीची, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या गॅस तपासणीची, सोय नसेल तर शिरेतल्या रक्ताचा गॅस काढा. त्यात कार्बन डायऑक्साइड ४५ च्या आत असेल तर धमनीतही तो साठला नसणार, असं धरता येतं.

ऑक्सिजनबद्दल इथेच बोलून टाकू, कारण कित्येक पेशंटचा पीएच आपणच बिघडवतो. या पेशंटचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्ये ठेवायचं. ९८ दिसलं की नातेवाइकांना बरं वाटतं, पण जास्त ऑक्सिजनने फुफ्फुसातला रक्तप्रवाह हवा न खेळणाऱ्या भागांकडे वळतो आणि कार्बन डायऑक्साइड चढतो. छुपा दोषी असतो नेब्युलायझर. तो भिंतीवरच्या ऑक्सिजनवर ६ ते ८ लिटरने चालवला की दहा-पंधरा मिनिटं पेशंटला भरमसाट ऑक्सिजन मिळतो. नेब्युलायझर हवेच्या कॉम्प्रेसरवर चालवा, आणि लागला तर ऑक्सिजन नाकातल्या नळीने १-२ लिटर चालू ठेवा.

चेहऱ्याला भाजलंय किंवा मोठी जखम आहे, घशात अडथळा आहे, पेशंट सारखा ओकतोय, श्वास थांबत आलाय, तर मास्क नको. छातीत फुफ्फुसाच्या बाहेर हवा भरली असेल (न्यूमोथोरॅक्स) तर आधी छातीत नळी टाकून ती काढा. दाबाने तीच हवा वाढून जीव जाऊ शकतो, म्हणून एक्स-रे बघा. पेशंट फारच वाईट असेल तर मात्र एक्स-रेसाठी बायपॅप थांबवून ठेवू नका, स्टेथोस्कोपने दोन्ही बाजू ऐका आणि एक्स-रे बेडवरच काढा. कार्बन डायऑक्साइडने गुंगी आलेल्या पेशंटला प्रयत्न करून बघता येतो, पण नळी घालू शकणारं माणूस शेजारी असेल तरच.

सुरू करण्याआधी केसपेपरवर एक ओळ लिहा: याने जमलं नाही तर घशात नळी घालायची की नाही. रात्री अडीचला, घाबरलेल्या नातेवाइकांपुढे हा प्रश्न पहिल्यांदा निघू नये.

जोडणी

मशीन पेशंटच्या डोक्याच्या पातळीखाली, पण जमिनीवर नाही. जमिनीवरची धूळ सरळ फिल्टरमध्ये जाते. मशीनच्या हवेच्या तोंडावर बॅक्टेरियल फिल्टर, मग २२ मिलिमीटरची नळी, मग मास्क.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बायपॅपला नळी एकच असते, त्यामुळे पेशंटने सोडलेली हवा बाहेर जायला मुद्दाम ठेवलेली भोकं लागतात. ती एकतर मास्कवरच असतात, अशा मास्कला व्हेंटेड म्हणतात, किंवा नळीच्या टोकाला लावलेल्या एक्झलेशन पोर्टवर. मास्कचा कोपरा निळा असेल तर तो बहुधा नॉन-व्हेंटेड असतो, त्याला वेगळा पोर्ट लावलाच पाहिजे. आयसीयूच्या दोन नळ्यांच्या व्हेंटिलेटरचा मास्क उचलून बायपॅपला पोर्टशिवाय जोडला, तर पेशंट आपलाच कार्बन डायऑक्साइड परत परत ओढत राहतो. मशीन बिनबोभाट चालतं, अलार्म वाजेलच असं नाही आणि पेशंट हळूहळू झोपत जातो. हवेचा आवाज येतो म्हणून कोणी ती भोकं चिकटपट्टीने बंद केलेलीही सापडतात. भोकांसमोर तळवा धरून बघा, वारा लागला पाहिजे. पेशंट पांघरूण डोक्यावर घेतो तेव्हाही हेच तपासा.

ईपॅप ४ च्या खाली नेऊ नये. त्याखाली भोकांमधून सोडलेली हवा पुरती धुतली जात नाही.

ऑक्सिजन मशीनमागच्या जोडातून किंवा नळीतल्या टी-तुकड्यातून द्या. साध्या बायपॅपमध्ये ठरावीक टक्केवारी मिळत नाही. दाब किंवा गळती वाढली की तोच ५ लिटर पातळ होतो, म्हणून दाब बदलल्यावर सॅच्युरेशन पुन्हा बघून लिटर ठरवायचे. क्रम पक्का ठेवा: आधी मशीन चालू, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग मशीन. उलट केलं तर बंद मशीनच्या पोटात ऑक्सिजन साठतो आणि आगीचा धोका होतो.

मास्क

पहिल्या दिवसासाठी नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्कच घ्या, दम लागलेला माणूस तोंडाने श्वास घेतो. वरची कड नाकाच्या हाडावर, खालची कड खालच्या ओठाच्या खाली, तोंड किंचित उघडं ठेवून मापा. शंका असेल तर लहान माप घ्या. मोठा मास्क डोळ्यांकडे वारा सोडतो, मग पट्टे आवळले जातात आणि नाकावर जखम होते. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्या, गालांना आधार मिळतो. सैल असेल तर काढा. दाढी दाट असेल तर घरच्यांना विचारून कमी करा.

नाकाच्या हाडावर हायड्रोकोलॉइड पट्टी पहिल्याच तासात लावा. लाली दिसल्यावर लावणं म्हणजे उशीर.

मग पट्टे न बांधता मास्क हाताने चेहऱ्यावर धरा. आधी पेशंटला सांगा: “आजी, वारा जोरात येईल, घाबरू नका, त्याच्याबरोबर श्वास घ्या, नको वाटलं तर हात वर करा, मी लगेच काढते.” जमेल तर मास्क त्यांच्याच हातात द्या. दाब कमी ठेवून तीन-चार मिनिटं असंच. श्वास जुळू लागला की पट्टे, दोन्ही बाजूंनी एकदम, पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातील इतकेच. थोडी गळती चालते, ती भरून काढायला मशीन बनवलेलंच आहे. डोळ्यांत जाणारा वारा मात्र चालत नाही.

धन दाबाने, म्हणजे हवा आत ढकलून, माणसं जगवण्याचं पहिलं मोठं काम हातांनीच झालं होतं. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये ब्योर्न इब्सेन यांनी पेशंटच्या श्वासनळीत नळी घालून रबरी पिशवीने हवा देण्याचा मार्ग दाखवला, आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून त्या पिशव्या दाबल्या. मास्क हाताने धरण्यात गेलेली पाच मिनिटं वाया जात नाहीत.

आकडे

मोड एस/टी: पेशंटच्या श्वासाला मशीनची साथ, आणि त्याने श्वास घेतला नाही तर मशीनचा स्वतःचा श्वास. सुरुवात आयपॅप १०-१२, ईपॅप ४-५. यापेक्षा वर सुरुवात करणारेही आहेत, ब्रिटिश मार्गदर्शक सूचना आयपॅप १५ म्हणतात. पण खालून सुरू करत असाल तर तिथे रेंगाळू नका. दर पाच-दहा मिनिटांनी आयपॅप २ ने वाढवत अर्ध्या तासात १८-२० पर्यंत आणा, गरज आणि सोसणं बघून त्याहीवर. रात्रभर १०/५ वर ठेवलेला आणि सकाळी पीएच जिथल्या तिथे असलेला पेशंट हे बायपॅपचं अपयश नसतं, अंतर फक्त ५ राहिलं हे असतं.

प्रत्येक श्वासाचं आकारमान स्क्रीनवर दिसत असेल तर ते अपेक्षित वजनाच्या किलोमागे ६ ते ८ मिलि असावं. हे वजन काट्यावरचं नव्हे, उंचीवरून काढलेलं: उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यातून १५२.४ वजा करा, ०.९१ ने गुणा, त्यात पुरुषांसाठी ५० आणि बायकांसाठी ४५.५ मिळवा. १६५ सेंटिमीटरच्या पुरुषाचे साडेएकसष्ट किलो, म्हणजे सुमारे ३७० ते ४९० मिलि. १५० सेंटिमीटरच्या आजींचे फक्त ४३ किलो, त्यांना २६० ते ३४५ पुरे.

बॅकअप रेट, म्हणजे मशीनने मिनिटाला निदान एवढे श्वास द्यायचेच तो आकडा, १२ ते १४. श्वास आत घेण्याचा वेळ ०.८ ते १.२ सेकंद, कारण या पेशंटला सोडायला वेळ हवा असतो. राइज टाइम, म्हणजे दाब चढायला लागणारा वेळ, कमी ठेवा, हवेची भूक लागलेल्याला दाब हळू चढलेला सहन होत नाही. सायकल, म्हणजे मशीनने आत ढकलणं कधी थांबवायचं ती सेटिंग, बदलता येत असेल तर श्वास लवकर तुटेल असा ठेवा.

पहिला तास

इथे खुर्ची घेऊन बसायचं. मॉनिटरपेक्षा पेशंटकडे बघा. मानेचे स्नायू सैल पडू लागले, श्वासांचा वेग ३४ वरून २६ कडे आला, तर काम होतंय. पंधरा मिनिटांनी बीपी घ्या. दाबामुळे हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि दोन दिवस नीट न खाल्ले-प्यायलेले पेशंट आतून कोरडे असतात. बीपी पडलं तर डॉक्टरांना कळवा, बहुतेकदा थोडं सलाईन लागतं.

पेशंटच्या पोटाकडे आणि मशीनच्या आवाजाकडे एकत्र लक्ष द्या. पेशंट जोर करतोय, पण मशीन प्रत्येक जोराला दाद देत नाही, असं दिसलं तर तो कोंडलेला दाब मोडू शकत नाहीये. ईपॅप १-२ ने वाढवा, आणि अंतर तेवढंच राहावं म्हणून आयपॅपही तेवढाच. उलट पेशंट सोडू बघतोय आणि मशीन ढकलतच राहिलंय, तर आधी गळती बघा. वारा बाहेर जात राहिला की श्वास संपला हे मशीनला कळतच नाही. स्क्रीनवरचा गळतीचा आकडा वाचताना एक लक्षात ठेवा, काही मशीन भोकांतून जाणारी मुद्दामची हवा धरून आकडा दाखवतात, काही ती वगळून. आपलं कुठलं ते एकदाच माहिती करून घ्या.

पेशंट मास्क ओढून काढतोय म्हणून झोपेचं इंजेक्शन देण्याचा मोह होतो. वॉर्डात ते करू नका. चिडचिड ही कार्बन डायऑक्साइडची, कमी ऑक्सिजनची, तुंबलेल्या लघवीची किंवा नुसत्या घट्ट पट्ट्यांची असू शकते. आधी ती कारणं तपासा.

अचानक छातीत दुखलं, सॅच्युरेशन एकदम कोसळलं, एका बाजूला हवा ऐकू येईना, तर फुफ्फुस फुटलं असं समजून मास्क काढा आणि डॉक्टरांना हाक मारा.

तासाभराने एबीजी. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा लगेच काढा, आणि रिपोर्टवर त्या वेळचे दाब आणि ऑक्सिजनचे लिटर लिहा, नाहीतर आकड्यांना काही अर्थ उरत नाही. पीएच वर सरकला असेल तर आहे तसंच चालू ठेवून चार-सहा तासांनी पुन्हा. सरकला नसेल तर मास्क, भोकं, गळती, अंतर, ऑक्सिजन या क्रमाने बघा आणि सुधारून परत मोजा. दोन तासांनंतरही पीएच घसरतोय, गुंगी वाढतेय, तर आयसीयूला फोन. बायपॅपवर उगाच ताणत बसण्याने नळी टळत नाही, फक्त ती जास्त थकलेल्या माणसाला घालावी लागते.

पुढचे दिवस

पहिले चोवीस तास जेवढं सोसेल तेवढं. मास्क लावून खाणं-पिणं अजिबात नाही, घास सरळ फुफ्फुसात जाईल. जेवण, औषध, तोंड धुणं, खोकून कफ काढणं यासाठी वीस-तीस मिनिटांची सुटी द्या, त्या वेळात नाकातल्या नळीने ऑक्सिजन. खाल्ल्यावर थोडं थांबून मास्क. पलंगाचं डोकं ३० अंश तरी वर.

पोट फुगत असेल तर आयपॅप २ ने कमी करून बघा. राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, सगळ्यांना लागत नाही, आणि घातली तर तिच्या शेजारून गळती होते. कफ घट्ट झाला की ह्युमिडिफायर लावा. नळीत पाणी साठून गुडगुड आवाज आला तर नळी मास्कपासून सोडवून पाणी बाहेर ओता, पेशंटकडे झुकवू नका. ह्युमिडिफायर आणि ओलावा धरणारा एचएमई फिल्टर एकत्र नको, फिल्टर भिजून हवाच अडते.

पीएच सुधारल्यावर आधी दिवसाच्या सुट्या वाढवा, रात्रीचा बायपॅप सर्वांत शेवटी काढा. झोपेत श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड तेव्हाच चढतो.

घरी न्यायचं असेल तर

प्रत्येकाला मशीन विकत घ्यायची गरज नसते. डिस्चार्जच्या दिवशी चढलेला कार्बन डायऑक्साइड पुष्कळांचा पुढच्या काही आठवड्यांत आपोआप उतरतो. म्हणून दोन ते चार आठवड्यांनी एबीजी पुन्हा करून ठरवा. २०१७ साली ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात असे पेशंट घेतले होते ज्यांचा कार्बन डायऑक्साइड त्या वेळीही ५३ च्या वर होता. घरी नुसता ऑक्सिजन घेणाऱ्यांना पुन्हा ॲडमिट व्हावं लागण्यापर्यंत किंवा मृत्यूपर्यंतचा मध्यक काळ १.४ महिने होता, सोबत बायपॅप घेणाऱ्यांचा ४.३ महिने. रोज रात्री पाच-सहा तास तरी वापर झाला पाहिजे. मशीनच्या कार्डावर तास नोंदले जातात, तपासणीला येताना ते कार्ड आणा.

मास्कची गादी रोज सौम्य साबणाने धुवायची, नळी आठवड्यातून एकदा, सावलीत टांगून वाळवायची. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर, रोज बदललेलं. मशीनचा धुण्याजोगा फोम फिल्टर आठवड्याला धुवा, पूर्ण कोरडा झाल्यावरच बसवा. पातळ पांढरा फिल्टर धुवायचा नसतो, काळपट झाला की बदलायचा. चूल त्याच खोलीत असेल तर तो लवकर काळा होतो, आणि पेशंटचं फुफ्फुसही तीच हवा ओढतं. ऑक्सिजन चालू असताना खोलीत विडी, उदबत्ती, निरांजन काहीही नको.

लोडशेडिंगचा हिशेब आधीच करा. ह्युमिडिफायरचा हीटर बंद ठेवला तर बायपॅप ३०-५० वॅटच खातो, घरातल्या १५० अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीवर सहज रात्र काढतो. ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मात्र ३००-३५० वॅट घेतो, त्याच्यासकट तीच बॅटरी अडीच-तीन तासांत संपते. म्हणून कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरात एक बी टाइप सिलिंडर भरून ठेवावा: पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये १५०० लिटर, मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास. वीज जाऊन मशीन बंद पडलं तर पहिलं काम मास्क काढणं, सिलिंडर जोडणं नंतर. घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनासुद्धा, मास्कची क्लिप कशी सोडवायची ते दाखवून ठेवा.

आणि मशीनच्या वरच्या बाजूला एक कागद चिकटवा: मोड, आयपॅप, ईपॅप, रेट, ऑक्सिजनचे लिटर, मास्कचं माप, सॅच्युरेशन ८८ ते ९२. पुन्हा दम वाढून ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली तर मशीन, मास्क आणि हा कागद पेशंटबरोबर गाडीत गेला पाहिजे.